बिघडवायचा माल

पांढुर्णा जिल्ह्यात असा एकही धंदा नाही, जो तुमच्या धाकट्या आजोबांनी अर्धवट शिकलेला नाही. शिवणकाम त्यांना काज करण्यापर्यंत येतं, बटण लावता येत नाही. मोटारसायकल त्यांना शेवटच्या नटापर्यंत उघडता येते, जोडायला मात्र दुसऱ्या माणसाला बोलवावं लागतं. औषधांच्या दुकानातली कुठली गोळी कुठल्या कप्प्यात असते हे त्यांना तोंडपाठ आहे, ती कशासाठी घेतात हे त्यांनी कधी विचारलं नाही. मंडपवाल्याकडे ते बांबू उभे करायला शिकले आणि गाठ मारायची पाळी येण्याआधीच लग्नाचा हंगाम संपला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने इतकी कामं इतक्या चिकाटीने निम्म्यावर सोडलेली मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत, आणि त्यातलं एकही काम त्यांनी कंटाळून सोडलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सई, परवा तुझ्या आईने फोनवर सांगितलं की तुझी इंटर्नशिप सुरू झाली. काचेच्या मोठ्या इमारतीत बसतेस, सगळे फार सभ्य आहेत, पण काही चुकेल या भीतीने तू अजून कशाला हातच लावलेला नाहीस. तेव्हा धाकटे आजोबा इथे चहा पीत बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तिले म्हणा, पहिले बिघडवाचा माल माग. तो नाई देत असतीन तं ते ट्रेनिंग नाई, ते पाहुणचार आहे." तुझ्या आईला फोनवर हे काही मला समजावता आलं नाही. म्हणून तुम्हा दोघा भावंडांसाठी हे लिहायला बसले आहे. अर्णव, तूही वाच. चित्रं नाहीत, पण तुझ्या आजोबांची एक भुवई यात जाते, ते तुला आवडेल.

भाऊजी, म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, आमच्या समोरच्या घरात राहतात. सगळी नोकरी त्यांनी इथल्या स्टेशनावर पार्सल ऑफिसात केली. संत्र्याच्या पेट्या, कुणाच्या सुनेचं शिलाई मशीन, कुणाच्या मुलाची सायकल, जे जे पांढुर्ण्यातून बाहेर गेलं ते त्यांच्या हाताखालून गेलं. धाकटी आजी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा आधी बंगळूरला होता, आता तुमच्यासारखाच समुद्रापलीकडे. निवृत्त झाल्यावर भाऊजी काही महिने रोज सकाळी स्टेशनावर जाऊन बसत आणि नव्या बाबूला पेटीची दोरी कशी आवळायची ते सांगत. एके दिवशी त्या बाबूने त्यांना फार नम्रपणे चहा पाजला आणि घरी पोचवायला माणूस दिला. त्यानंतर ते गेले नाहीत. दिवसभर ओसरीत बसून रस्त्यावरून कोण कुठे चाललंय ते मोठ्याने सांगत. "हा बँकेत चाल्ला. हे दळण घेऊन चाल्ली. हा कुठंच नाई चाल्ला, नुसता हिंडून राहिला." ही बातमीपत्रं ऐकून मी त्यांच्याबद्दल काळजीत पडले होते, तेवढ्यात कॉलेजांचा नवा नियम आला.

नियम असा, की पदवीच्या मुलांनी कुठे तरी काम करून शिकायचं, म्हणजे इंटर्नशिप करायची. तुमच्याकडे ठीक आहे. आमच्याकडे बी.ए.ला हिंदी साहित्य घेतलेल्या मुलाने ती कुठे करायची? गल्लीतला एक मुलगा आणि त्याचे वडील तुमच्या आजोबांचा सल्ला घ्यायला आले. आजोबांनी बराच विचार करून, हा प्रश्न गंभीर आहे, असं सांगितलं. भाऊजी समोरून उठून आले आणि म्हणाले, "चाल बे, मी नेतो तुले." त्याला ते बाजारातल्या टेलरकडे घेऊन गेले. साहित्याचा आणि शिवणाचा संबंध काय, असं वडिलांनी विचारलं, तर म्हणाले, "दोन्हीत माप चुकलं का माणूस हासते." मुलाला सोडून परत यायचं होतं. पण दुकानात त्याला एकटं वाटेल म्हणून ते तासभर थांबले. दुसऱ्या दिवशीही थांबले. मग टेलरने त्यांनाही स्टूल दिलं. मुलाची मुदत संपली त्या दिवशी दोघेही एकदमच बाहेर पडले. मुलगा शर्ट शिवायला शिकून, आणि भाऊजी काज करायला.

त्यानंतर गावातल्या पोरांना ती सवयच झाली. काकाजींकडे जायचं, काकाजी जागा बघून देतात आणि सोबतही येतात. (काकाजी त्यांना सगळं गाव म्हणतं, तीन पिढ्या एकदम.) मालकासमोर ते कधीही पालक म्हणून उभे राहिले नाहीत. "आमी दोघंही शिकाऊ आहो," असं सांगून ते मुलाच्या बाजूला उभे राहात. पहिल्या दिवशी दुकान झाडायचं आणि झाडताना खाली काय काय पडलेलं सापडतं ते मालकाला दाखवायचं, हा त्यांचा शिरस्ता. मोहगावच्या एका आईने रागाने विचारलं होतं, "काकाजी, पोट्ट्याले कॉलेजात शिकवून झाडू मारायले लावून राहिले का तुमी?" भाऊजींनी हातातला झाडू दाखवला. "बाई, एक त्याच्या हातात आहे, एक माह्या. माही डिग्री नाई, तरी मले सेम काम भेटलं. त्याले काऊन लाज वाटावी?"

पण त्यांचा खरा नियम झाडूचा नव्हे, बिघडवायच्या मालाचा. कामाला हात लावण्याआधी ते मालकाला विचारत, "बिघडवाचा माल कोणता?" मालक गोंधळत. भाऊजी समजावत, "शाळेत चुकलं तं मार्क जाते. मार्काचं काय, कागदावरून गेलं. इथं चुकलं तं माल गेला पाह्यजे. माल गेल्याशिवाय हात शिकत नाई. म्हणून पोट्ट्याले पहिलेच सांगून ठेवाचं, हे तुह्यं, हे खराब कर, कोणी बोलणार नाई." मालक अर्थातच असा माल देत नसत. मग भाऊजी तो घरून आणत. घरून म्हणजे आमच्या घरून. त्यांच्या घरात बिघडवण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

माझं घर तुम्हाला माहीत आहे. डब्यांवर नावं, कपाटात घड्या, प्रत्येक वस्तूला जागा. त्या जागा मी अजून पुसते, वस्तू गेल्या. टेलरकडे आजोबांची चांगली पँट गेली आणि पिशवी होऊन आली. विजेच्या दुकानात एक मुलगी शिकायला लागली तेव्हा मिक्सर गेला. तो परत आला आणि आता तो फिरतो, पण उलटा, चटणी झाकणाकडे चढते. घड्याळजीकडे भिंतीवरचं घड्याळ गेलं. "ह्याला म्हणावं, घरातली माणसं सोडून काहीही ने," असं तुमचे आजोबा चिडून म्हणाले, आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्यावरच पाळी आली. गल्लीतल्या एका मुलीने ब्युटी पार्लरमध्ये इंटर्नशिप धरली. आत पुरुषांना मज्जाव. भाऊजी पडद्याबाहेर पायरीवर बसून, दातात दोरा धरून, आतून येणाऱ्या सूचना ऐकून सराव करत. संध्याकाळी आजोबा पेपर वाचता वाचता डुलकी काढत होते. भाऊजींनी मला खूण केली की बोलू नका. मला वाटलं माशी बसली असेल. व्हिडिओ कॉलवर आजोबा तुम्हाला नेहमी उजवी बाजू का दाखवतात, हे आता कळलं असेल.

जिनिंगमध्ये एका मुलाला घेऊन गेले तेव्हा तर रोज संध्याकाळी दारात एक पांढरं भूत उभं राहायचं आणि शिंकायचं. कापूस चिमटीत ओढून धागा किती लांब निघतो ते पाहायला तिथे त्यांना शिकवलं. मग कुठल्याही घरात गेले की उशीच्या शिवणीतून चिमूटभर ओढून बघायचे. "वहिनी, तुमच्या उशीत आखूड धाग्याचा कापूस आहे. फसवलं तुमाले." लग्न होऊन आले तेव्हा माहेरहून आणलेली उशी होती ती. इतक्या वर्षांनी माझ्या माहेरच्यांवर असा आळ आला आणि मी हसत बसले.

आता दुसरी बाजू. टेलरकडे शिकलेला मुलगा सुरतेला गेला. विजेच्या दुकानातली मुलगी भोपाळला, पार्लरवाली नागपूरला, जिनिंगमधला गुजरातेत. प्रत्येकाला सोडायला भाऊजी स्टेशनावर जात, चिवड्याची पिशवी देत, आणि न विचारता त्याच्या सामानाची दोरी सोडून पुन्हा घट्ट बांधत. आले की ओसरीत बसत आणि त्या दिवशी बातमीपत्र बंद असे. एकदा मी म्हटलं, "भाऊजी, एवढं चांगलं शिकवू नका हो, म्हणजे राहतील."  भाऊजी म्हणाले, "ज्याचा हात बसला, त्याचं तिकीट निघालं. अन् हात नाई बसला तं तो इथं राहून काय करीन?" थोड्या वेळाने पुन्हा, स्वतःशीच, "एक तरी राहाले पाह्यजे होता, वहिनी. एक तरी." तेव्हा मला कळलं, हा माणूस इतकी वर्षं कशाची वाट पाहतो आहे.

अशा वेळी प्रज्ञा आली. मोहगावची, बी.एस्सी.ची. तिचे वडील तिथल्या नगर परिषदेत नळाच्या कामावर आहेत. ते स्वतः तिला घेऊन आले होते. "जयभीम, काकाजी. पोरीले झाडाचं काम शिकाचं आहे. मी म्हणलं, ऑफिसात बस, पंख्याखाली. नाई म्हणते." भाऊजी म्हणाले, "जयभीम. पंख्याखाली काई उगत नाई, बराबर बोलते ते." आणि दुसऱ्याच दिवशी तिला रामाकोन्याजवळच्या एका रोपवाटिकेत घेऊन गेले, जिथे संत्र्याच्या कलमा तयार होतात.

तुम्ही संत्री खाल्लीत, झाड पाहिलेलं नाही, म्हणून सांगते. संत्र्याचं झाड बुडाशी संत्र्याचं नसतं. बुडाशी असतो जंबेरी नावाच्या आंबट लिंबाचा खुंट. त्याच्या सालीला चीर देऊन आत संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा बसवतात आणि वरून पट्टी बांधतात. डोळा धरला की पट्टी सोडायची, डोळ्यातून जो कोंब येतो तो सांभाळायचा, आणि खुंटाला खालून जे फुटवे येतात ते खुडत राहायचं. वाचायला सोपं आहे. रोपवाटिकेचा मालक मात्र खुंटांना हात लावू देईना. "काकाजी, तुमी म्हणान तं झाडून घ्या, पाणी द्या. चाकू नाई देणार मी." भाऊजी परत आले, समोर बसले आणि तुमच्या आजोबांकडे पाहू लागले. आजोबांनी हात भुवईवर ठेवला.

भाऊजींना या वेळी हवी होती सौसरजवळच्या आपल्या बाडीतली, म्हणजे मळ्यातली, विहिरीकाठची पट्टी. तुमचे वडील आणि काका बाहेर गेल्यापासून ती पडीक आहे. भाऊजींनी त्याच मालकाकडून पिशव्यांतले खुंट विकत घेतले आणि विहिरीकाठी ओळीने मांडले. "हे तुह्यं," ते प्रज्ञाला म्हणाले, "खराब कर." सकाळी ती रोपवाटिकेत नुसतं पाहायची आणि दुपारी बाडीत येऊन करायची. भाऊजी शेजारी बसून आपली वेगळी ओळ बांधायचे. पहिली ओळ तिची सगळी गेली. डोळे काळे पडले. ती विहिरीच्या काठावर बसून रडली. मी त्या दिवशी डबा घेऊन गेले होते. भाऊजींनी खिशातून पेढा काढला. कागदाला चिकटलेला होता, बहुधा बरेच दिवस तयारीत असावा. "घे. आता शिकली तू. आतापर्यंत नुसती येऊन राहिली होती." भाऊजींच्या ओळीतले काही डोळे मात्र जगले, पण कोंब आधी जमिनीकडे निघाले आणि मग वळून वर आले. प्रज्ञाने वाकून पाहिलं आणि रडता रडता हसू लागली. "काकाजी, तुमी डोळे उलटे बसवले!" भाऊजी म्हणाले, "मंग काय झालं? गेले ना शेवटी वरतं?"

थंडी सरेपर्यंत तिचा हात बसला. पट्टी बांधताना ती बोलत राहायची आणि बोटं आपली आपली चालायची. रोपवाटिकेच्या मालकाने एक दिवस स्वतःचा चाकू तिच्यापुढे धरला. त्या संध्याकाळी भाऊजी बसमधून उतरले ते आनंदात की काळजीत, मला कळेना. दोन दिवसांनी त्यांनी पत्र्याचा बोर्ड आणला. पेंटरकडेही ते एका मुलासोबत शिकलेले होते, म्हणजे अर्थातच अर्धं. त्यामुळे अक्षरं सुंदर आली, पण 'प्रज्ञा रोपवाटि' इथे पत्रा संपला आणि 'का' खाली एकटा बसला. तो बोर्ड त्यांनी बाडीच्या फाटकाला लावला. पुढच्या वर्षी कलमा विकायला तयार होतील, मग आणखी एक पट्टी, मग मोहगावच्या दोन पोरी मदतीला, असं ते बसमध्ये शेजारी बसेल त्याला सांगत. तुमच्या आजोबांनाही त्यांनी विहिरीची मोटर दुरुस्त करायला लावली. आजोबा कुरकुरले आणि स्वतः जाऊन उभे राहिले. पडीक जमिनीवर ओळीने हिरवं दिसायला लागलं की म्हातारी माणसं पुन्हा पुन्हा काही तरी निमित्त काढून तिकडे जातात. मीही जायचे.

आणि मग प्रज्ञाला बोलावणं आलं. नाशिककडे कुठे तरी मोठी प्रयोगशाळा आहे, रोपं काचेच्या बाटल्यांत वाढवतात. वर्षभर पगारी शिक्षण, मग नोकरी. तिने अर्ज केला होता हेच ती विसरली होती. ती भाऊजींकडे गेली नाही, माझ्या स्वयंपाकघरात आली. "काकू, मी नाई म्हणून टाकते. काकाजींनी बोर्ड लावला. कलमा अजून बोटभर आहेत. मी गेली तं त्याइले कोण पाहीन?"

"तुला जायचं आहे का?"

ती कोथिंबिरीच्या काड्या मोडत राहिली. "जाचं तं आहे," इतक्या हळू म्हणाली की मला ते काड्यांच्या आवाजात ऐकावं लागलं.

तिच्या वडिलांनी निर्णय आणखी अवघड केला. रविवारी बाडीत आले, चप्पल बाजूला काढून उभे राहिले. "काकाजी, पोरीले तुमी हात धरून शिकवलं. तुमी म्हणान तं जाईन, तुमी म्हणान राय, तं राहीन. आमचं काई म्हणणं नाई." म्हणजे आता फक्त एका शब्दाचा प्रश्न होता. 'राय' एवढं म्हटलं असतं तर ती राहिली असती, आनंदाने नव्हे, पण कधी बोलूनही दाखवलं नसतं. आणि चूक कुणी म्हटलं असतं? जमीन होती, पाणी होतं, गावात राहून नाव काढणारी पोर होती. मी खरं सांगते, मलाही ती राहायला हवी होती.

भाऊजी खाली बसून फुटवे खुडत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "तिथं तुले बिघडवाले देतेत का?"

"हो काकाजी. मी विचारलं फोनवर. पहिला महिना ज्या बाटल्या करू त्या फेकाच्याच असतेत म्हणे."

"रागावते का कोणी?"

"नाई. म्हणतेत, जेवढ्या लवकर खराब होतीन तेवढं चांगलं."

भाऊजी उठले. गुडघे झटकले, हात झटकले, पुन्हा गुडघे झटकले. "अन् हे तू आता सांगून राहिली? असं ठिकाण मले साऱ्या जिल्ह्यात नाई भेटलं! मी लोकाइच्या पँटी चोरत फिरलो!" (चोरलेली पँट कुणाची, हे विचारायला तुमचे आजोबा तिथे नव्हते.) "जा. इथं काय करून राहिली तू?"

"अन् कलमा?"

"कलमाइले मी आहे."

प्रज्ञाने वडिलांकडे पाहिलं. शेवटी तिच्या वडिलांनीच धीर केला. "काकाजी, राग नका मानू. तुमाले येते का पण?"

"अर्धं येते," भाऊजी म्हणाले. "उरलेलं प्रज्ञा फोनवर सांगन."

ती गेली त्या सकाळी मीही स्टेशनावर गेले होते. चिवडा दिला, दोरी पुन्हा बांधली. गाडी निघाली तेव्हा तिने खिडकीतून हात बाहेर काढून ओरडून सांगितलं, "काकाजी, पट्टीच्या खालचं काढाचं, वरचं ठेवाचं!" डबे संपेपर्यंत भाऊजी मान हलवत होते. परत येताना ते म्हणाले, "आता पहिल्यांदाच एकटा शिकाले चाल्लो, वहिनी. सोबत कोणी नाई."

तेव्हापासून ते रोज सकाळच्या बसने सौसरला जातात. व्हिडिओ कॉल त्यांना जमत नव्हता. फोन ते कानाला लावत, त्यामुळे बिचाऱ्या प्रज्ञाला पहिले काही दिवस झाडांऐवजी त्यांचा कान दिसत होता. हळूहळू जमलं. ती तिकडे डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी लावलेली, जेवणाच्या सुट्टीत दोन मिनिटं काढायची. हे इकडे विहिरीकाठी फोन हातात आडवा धरून, आरती ओवाळावी तसे एकेका पिशवीसमोरून फिरवायचे. मी तिकडे गेले की त्या दोघांचं बोलणं ऐकायला मिळायचं. गेल्या आठवड्यातलं तुम्हाला सांगते.

भाऊजी त्या दिवशी फार खुशीत होते. एका ओळीतले कोंब इतके जोमाने वाढले होते की आजूबाजूच्या ओळी लाजाव्यात. त्यांनी फोन लावला. "पाय, पाय! अशी वाढ रामाकोन्यातही नाई."

पलीकडे प्रज्ञा पडद्याजवळ आली. "काकाजी, कॅमेरा खाली घ्या. अजून खाली. कोंब कुठून निघून राहिला?"

"झाडातून."

"पट्टीची खूण कुठं आहे?"

"आहे ना. हे वरतं."

"एक पान तोडा. चोळा. वास घ्या. कायचा आहे?"

भाऊजींनी पान चोळलं, नाकाशी नेलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "लिंबाचा."

"काकाजी! तुमी जंबेरी वाढवून राहिले! संत्र्याचा कोंब कुठं गेला?"

"तो…" भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी विहिरीत पाहिलं. "तो लय बारीक होता, बाई. मले वाटलं कमजोर आहे. याच्या वाढीले आडवा येऊन राहिला. म्हणून मी तो काढून टाकला."

"साऱ्या ओळीचा?"

"मी बराबर काम करतो. अर्धं नाई सोडत."

मग जे सुरू झालं ते मी कधी ऐकलं नव्हतं. मोहगावची ही शांत मुलगी, जी माझ्याकडे कोथिंबीर निवडताना मान वर करत नसे, ती दुसऱ्या राज्यातून ओरडत होती. "गाडीतून ओरडून सांगतलं मी तुमाले! रोज सांगून राहिली! तुमचं ध्यान कुठं राहते? जंबेरी जोरातच वाढते, तिचं कामच ते आहे! बारीक आहे तेच आपलं आहे, ते सांभाळाचं! आता बाकीच्या ओळीले मले दाखवल्याबिगर हात नाई लावाचा. समजलं का?"

भाऊजी टोपी काढून उभे होते. "समजलं."

"काय समजलं?"

"दाखवल्याबिगर हात नाई लावाचा."

"अन् जेवले का?"

"नाई अजून."

"मंग पहिले जेवा." आणि फोन बंद झाला.

मला वाटलं, आता या माणसाला सावरावं लागणार. इतक्या दिवसांची मेहनत, अख्खी ओळ. मी डबा उघडला आणि शेजारी बसले. भाऊजी भाकरीचा तुकडा हातात धरून समोरच्या ओळीकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं असं काही तरी पसरत चाललं होतं.

"लय रागावली, वहिनी," ते म्हणाले. "घरातल्यासारखी रागावली."

आम्ही जेवलो. पाणी प्यायलो. मग त्यांनी सहज विचारलं, "सई रागावते का तुमाले?"

"नाही हो," मी म्हटलं. "फार गोड बोलते. आजी कशी आहेस, झोप लागते का, गोळ्या घेतल्यास का. दर रविवारी, न चुकता."

"हं," भाऊजी म्हणाले. "पाहुण्याशी बोलतेत तसं." आणि मग माझ्याकडे पाहून घाईघाईने, "तसं नाई म्हणत मी. चांगली पोट्टी आहे. लोणचं द्या."

सई, पुढच्या रविवारी फोन करशील तेव्हा झोपेचं आणि गोळ्यांचं विचारू नकोस, दोन्ही ठीक आहेत. तू त्या काचेच्या इमारतीत काय काम करतेस, ते मला शिकव. तुझे वडील ठेवून गेलेला कॉम्प्युटर मी पुसून टेबलावर मांडला आहे. पहिल्यांदा हळू सांग. मी लिहून घेईन, तरी चुकेन. तू सांगितलेलं ठेवायचं ते काढून टाकेन आणि काढायचं ते जपून ठेवेन. तेव्हा सांभाळून बोलू नकोस. चांगलं रागाव मला. आवाज जरा मोठा ठेव, आजोबांनाही आतल्या खोलीत ऐकू जाऊ दे.